पावणेसात फुटांचं दार आणि पाच फुटांचा हौदा

कोणाच्याही घरी गेलं की लोक आधी माणसांकडे बघतात. दारवाली आधी दाराकडे बघायची. बिजागऱ्या किती आहेत, खालची फट दोन्ही टोकांना सारखी आहे का, कडीच्या बाजूला लाकूड घासतंय का, एवढं सगळं चपला काढता काढता बघून झालं की मग "कसे आहात" वगैरे. एकदा ती आजारी आत्याला भेटायला दवाखान्यात गेली. खोलीचं दार तिने तीन वेळा उघडून मिटून पाहिलं आणि वरच्या बिजागरीचा एक स्क्रू सैल असल्याचं नर्सला सांगून आली. आत्या कशी आहे ते घरी आल्यावर तिला नीट सांगता येईना.

वय एकोणपन्नास, बांधा आडवा, केस आखूड आणि त्यांत कायम चिमूटभर भुसा. तिचं खरं नाव बँकेला आणि दाताच्या डॉक्टरला तेवढं माहीत होतं. बाकी सगळ्यांसाठी ती दारवाली, कारण दारं सोडून दुसरं काही ती करतच नसे. कोणी कपाट करून मागितलं तर म्हणायची, "दारं मी करते, मधलं कपाट दुसऱ्या कोणाकडून आणा."

हे वेड बाबांकडून आलेलं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हातात रंधा धरणं बंद झालं होतं, तरी सकाळी साडेसातला ते कारखान्यात हजर असत आणि दार बसवायला निघायची वेळ झाली की गाडीत सगळ्यांच्या आधी. कामाच्या जागी त्यांचं काम शेवटचं आणि एकच. दार बसवून झालं की ते पुढे यायचे, एका बोटाने दार ढकलायचे आणि बोट काढून घ्यायचे. बोट काढल्या जागी दार थांबलं पाहिजे. आपण होऊन जरा जरी सरकलं, तर चौकट तिरकी, काम पुन्हा पहिल्यापासून. थांबलं तर बाबा म्हणायचे, "पास." बस्स, एवढंच. पण त्या एका शब्दासाठी गिऱ्हाइकं हातातली कामं टाकून उभी राहायची.

तिसरा गडी म्हणजे दारवालीचा नवरा. हा मूळचा बेकरीवाला. बेकरीच्या मागच्या बाजूला दार बसवून घ्यायला आला आणि मग "जरा घासतंय", "जरा कुरकुरतंय" असं करत त्याने एकच दार तीनदा परत आणलं. दुसऱ्या खेपेलाच बाबा काय ते समजले होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी दार ठेवून घेतलं नाही, माणूस ठेवून घेतला. त्याला तेवीस वर्षं झाली. दाराचं जड टोक अजून तोच उचलतो आणि बाबा अजून त्याला "जावईबापू" म्हणूनच चिडवतात.

बाबांचे कारखान्यात दोन नियम होते. पहिला असा, की कोणतीही वस्तू करायच्या आधी ती जमिनीवर खडूने पुऱ्या मापात काढायची, आणि पूर्ण काढायची. "अर्धं चित्र म्हणजे खोटं बोलणं," असं ते म्हणत. दुसरा नियम गाडीचा. दार हौद्यात आडवं झोपवून न्यायचं आणि फाळका, म्हणजे हौद्याची मागची झडप, पक्की लावायची. दाराचं टोक बोटभरसुद्धा बाहेर लोंबता कामा नये. या नियमामागे एक गोष्ट होती. तरुणपणी बाबांनी दुसऱ्या कोणाच्या छोट्या गाडीतून एक दार नेलं, फाळका उघडा टाकून. चढावर दार घसरलं, बाबांना पत्ताच नाही. पोचल्यावर बघतात तर हौदा रिकामा. परत फिरले, तर दार भर चौकात आडवं पडलेलं आणि सगळी रहदारी त्याला वळसा घालून चाललेली, जसं काही ते तिथं कायमचंच आहे. ही गोष्ट बाबांनी इतक्यांदा सांगितली होती की दर वर्षी त्या दाराचं वजन दोन किलोंनी वाढत असे.

त्यानंतर बाबांनी आपली स्वतःची पिकअप घेतली ती लांब हौद्याची. पुढे सलग बाक, त्यावर तिघं: दारवाली चालवायला, नवरा खिडकीशी आणि मधे बाबा, गिअरचा दांडा दोन गुडघ्यांच्या मधे घेऊन. गिअर बदलायची वेळ आली की बाबा न सांगता पाय उचलायचे. त्या गाडीची एक मागून एक सगळी अंगं बदलली गेली, पण यंदा मेकॅनिकने खालून टॉर्च मारून पाहिलं, बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "हिला आता रंगानेच धरून ठेवलंय. महिन्याभरात दुसरी बघा."

दुसरी बघायला दोघं नवरा-बायको गेली. बाबांना त्या दिवशी चष्मा आणायला जायचं होतं, आणि ते बरंच झालं.

शोरूममधली बाई कामाला चोख होती. कोणती गाडी किती ऐटदार आहे हे तिने सांगितलंच नाही. आधी विचारलं, "काय वाहून न्यायचं आहे?"

"दारं. पावणेसात फुटांची."

"मग लांब हौद्याची घ्या. सव्वासात फूट आहे, दार आरामात झोपेल. पण पुढे दोनच सीटा. माणसं जास्त असतील तर ही चार दारांची. आत पाच जण ऐसपैस बसतात, पण हौदा आखूड. पाच फूट लांब, पाचच फूट रुंद."

"आणि लांब हौदा, पण पुढे तिघांचा सलग बाक?"

"तसला बाक आता येत नाही हो," बाई म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं.

माहितीपत्रक घेऊन दोघं परत निघाली. जुन्या गाडीत मधली जागा रिकामी होती.

"आखूडवाली घेऊ आणि टपावर कॅरिअर लावू," नवरा म्हणाला.

"चाळीस किलोचं दार रोज डोक्याच्या वर उचलायचं? तुझी कंबर पण टपावरच बांधावी लागेल."

"मग लांब घेऊ. बाबांना टॅक्सीने बोलावू."

"बोट लावायला टॅक्सीने येणारा माणूस म्हणजे पाहुणा. ते येणारच नाहीत."

नवऱ्याने मान हलवली. सासरा किती ताठ आहे हे त्याला तिच्याइतकंच माहीत होतं. आणि बाबा घरी बसले तर काय होतं, हेही दोघांनी पाहिलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी पाय मुरगळून बाबा सहा आठवडे घरी होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातली सगळी दारं दुरुस्त केली, त्यांत चांगली असलेलीही. नंतर रोज संध्याकाळी ही दोघं परत आली की बसवलेल्या प्रत्येक दाराची चौकशी व्हायची: कुठलं लाकूड, किती बिजागऱ्या, थांबलं का. चौथ्या आठवड्यात त्यांनी विचारणं सोडून दिलं. जेवायचे, झोपायचे, भिंतीकडे बघत बसायचे. दारवालीला आयुष्यात कशाची भीती वाटली असेल तर ती त्या न विचारलेल्या प्रश्नांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खडू घेतला आणि कारखान्याच्या जमिनीवर दोन हौदे काढले. एक लांब, एक आखूड. फक्त हौदे. पुढची केबिन, सीटा, यांतलं काही काढलं नाही. मापायचाय तो हौदाच, मग बाकीचं कशाला, असं तिने स्वतःला समजावलं. एवढ्या वर्षांत तिने काढलेलं ते पहिलं अर्धं चित्र. माहितीपत्रक तिने बिजागऱ्यांच्या खणात लपवलं. आता दारं करणाऱ्याच्या कारखान्यात बिजागऱ्यांचा खण म्हणजे दिवसातून सगळ्यांत जास्त वेळा उघडला जाणारा खण; पण घाबरलेल्या माणसाला एवढा पोच कुठला.

बाबांनी चित्राभोवती एक फेरी मारली. "यात विचार कसला करायचा?" ते म्हणाले. "लांब."

त्यानंतर आठवडाभर रोजचं तयार दार आधी खडूच्या हौद्यात ठेवून बघायचा खेळ सुरू झाला. लांब हौद्यात दार ऐटीत झोपायचं. आखूड हौद्यात पावणेदोन फूट बाहेर. शेजारचा चावीवाला बघून गेला, पोस्टमन बघून गेला, दोघांनीही लांबला मत दिलं. बाबा तर रोज सकाळी लांब हौद्याची एकेक नवी तारीफ करत. "दार कसं बाळासारखं झोपतंय बघ." बाबा स्वतःच स्वतःला गाडीतून खाली उतरवत होते आणि वर गाडीचं कौतुक करत होते, आणि सांगायची हिंमत तिला होत नव्हती. एरवी तोंडाने फटकळ असलेली ही बाई. गिऱ्हाइकाच्या तोंडावर "तुमची भिंत वाकडी आहे" म्हणणारी.

शोरूमच्या बाईला शनिवारी कळवायचं होतं. शुक्रवारी सकाळी दारवालीने कारखान्याचं कुलूप उघडायला हात पुढे केला, तर कुलूप आधीच उघडलेलं.

आत बाबा बुटक्या स्टुलावर बसले होते. नवा चष्मा नाकावर, बोटं पांढरी, शेजारी माहितीपत्रक उघडं. जमिनीवर आता दोन हौदे नव्हते, दोन पुऱ्या गाड्या होत्या. केबिन, स्टिअरिंग, सीटा, अगदी दारांच्या बिजागऱ्यासुद्धा. आखूड गाडीत पुढे दोन सीटा आणि मागे एक बाक. लांब गाडीत दोन सीटा.

"चित्र अर्धं होतं," बाबा म्हणाले. "पुरं केलं."

नवरा मागोमाग आत आला आणि दारातच थबकला.

"तुला कधीपासून माहीत होतं?" बाबांनी मुलीला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

बाबांनी खडू खिशात ठेवला. "बरं. मग ठरलंच की. तुम्ही दोघं पुढे, दार मागे नीट झोपलेलं. मी इथं थांबेन. भुसा काढायला नाहीतरी कोणी लागतंच."

हे ते इतक्या सहज म्हणाले, की दारवालीला रडू फुटलं. ती रडतेय हे नवऱ्यानेही फार वर्षांत पाहिलं नव्हतं. "मला भुसा काढणारा नको," ती म्हणाली. "मला गाडीत तुम्ही हवे आहात. तुम्ही 'पास' म्हटल्याशिवाय मला ते दार बसलंय असं वाटतच नाही. लांब हौदा मला नको. नियम गेला खड्ड्यात."

"नियम माझा आहे," बाबा ताडकन म्हणाले. "खड्ड्यात घालायचा तर मी घालेन. तू नाही."

डोळ्यांत पाणी आलं की बाबा कशात तरी खोट काढत; ती त्यांची जुनी सवय होती. त्यांनी चष्मा पुसला, परत चढवला, आणि जमिनीकडे बघून म्हणाले, "आणि हा तुझा आखूड हौदा काटकोनात नाही."

"आहे."

"मला वाटत नाही. जावईबापू, सुतळी धरा."

चौकोन खरा आहे की तिरका, हे बघायची सुतारांची साधी रीत आहे. या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणायची, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापं सारखी आली तर काटकोन बरोबर. बाबांनी आयुष्यात एकही चौकोन असा तपासल्याशिवाय सोडला नव्हता. जावई एका कोपऱ्यात वाकला, बाबा दुसऱ्या. मग सुतळी पट्टीला लावली.

"सात फूट, वर पाऊण इंच," बाबा म्हणाले. दुसरी बाजू धरली. "सात फूट, वर पाऊण इंच. हं. आहे काटकोनात." खोट निघाली नाही याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

"परत सांगा," दारवाली म्हणाली.

"काटकोनात आहे म्हटलं ना. किती वेळा वदवून घेशील?"

"ते नाही. आकडा सांगा."

"सात फूट, पाऊण..." बाबांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

मग दारवालीने आणि नवऱ्याने भिंतीशी टेकवलेलं एक दार उचललं, त्याच्या लांब कडेवर उभं केलं आणि चालवत आणून खडूच्या आखूड हौद्यात ठेवलं, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. पावणेसात फुटांचं दार पाच फुटांच्या हौद्यात मावलं. खडूची एकही रेघ पुसली गेली नाही.

"पण उभं?" नवरा म्हणाला.

"मग?" दारवाली म्हणाली. डोळे अजून ओले होते, पण आवाज परत फटकळ झाला होता. "दार जन्मभर उभंच तर असतं. आडवं ते फक्त आपल्या गाडीत होतं."

दोघांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी दाराला एक चक्कर मारली. "मी कुठं म्हणालो झोपवूनच न्या म्हणून?" ते म्हणाले. "मी म्हणायचो, बाहेर लोंबू देऊ नका."

"बाबा. 'झोपवून' म्हणायचात. मी सहा वर्षांची असल्यापासून ऐकतेय."

बाबांनी हनुवटी खाजवली. तिथेही खडू लागला. "म्हणत असेन," त्यांनी कबूल केलं. "हौदा लांब होता म्हणून."

म्हणजे जी गोष्ट तिघांनी इतकी वर्षं धर्मासारखी पाळली, ती मुळात गाडी लांब होती म्हणून. यावर नवरा इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं.

शनिवारी जुन्या पिकअपमध्ये एक दार आडवं टाकून तिघं शोरूमला गेली, दांडा गुडघ्यांमधे आणि सगळं नेहमीसारखं. शोरूमच्या बाईने खरेदीला येताना चौकशीचे कागद आणलेली माणसं पाहिली होती, दार घेऊन आलेली नव्हती. पण तिने मुकाट्याने चार दारांची गाडी बाहेर काढून दिली आणि बाजूला उभी राहिली.

दार हौद्यात चढलं. नवऱ्याने काळजीने दोन्ही टोकांना घरून आणलेली गोधडी चेपली, दाराला ओरखडा नको म्हणून. दारवालीने फाळका उचलला, ढकलला. लागेना. अजून जोर लावला. बोटभर अंतर राहिलं. हौद्याचे कोपरे चित्रातल्यासारखे टोकदार नव्हते, आतून थोडे गोल होते, आणि त्यात ती जाड गोधडी. दारवालीचा चेहरा पडला. बोटभर म्हणजे बाहेरच. आणि बाबांच्या नियमात बोटभराला माफी नव्हती.

"बघ," बाबा म्हणाले. "चित्र परत अर्धंच. गोधडी काढलीच नव्हती."

ते शोरूमच्या पायरीवर बसले, बूट काढले, आणि पायांतले दोन्ही मोजे उतरवले. मग उठून अनवाणीच गाडीशी आले आणि गोधडी काढून टाकून दाराच्या दोन टोकांना एकेक मोजा चढवला, लहान मुलाला घालावा तसा, नीट ओढून. "आता लाव."

दारवालीने फाळका लावला. खट्ट करून बसला.

बाबा पुढे आले. एका बोटाने त्यांनी फाळका दाबला. हलला नाही. मग हात उंच करून दाराच्या वरच्या कडेला तेच बोट लावून ढकललं. दार जागच्या जागी उभं.

"पास," बाबा म्हणाले, आणि शोरूमच्या बाईने, तिला यातलं काही माहीत नसताना, टाळी वाजवली.

तीन आठवड्यांनी नवी गाडी पहिल्या कामाला निघाली. तोवर दारवालीने हौद्यात दार तिरकं उभं राहील अशी लाकडी खाच करून बसवली होती, टोकांना लोकरीचा पातळ नमदा लावून. त्यामुळे मोज्यांची गरज उरली नव्हती. बाबांनी तरीही चढवले होते. मागचा सगळा बाक त्यांना एकट्याला मिळाला. गिअर बदलताना सवयीने ते पाय उचलत आणि मग आपण कुठे बसलोय ते आठवून खाली ठेवत.

"सावकाश घे," मागून आवाज आला. "दाराला माझे मोजे आहेत."

दारवालीने आरशात पाहिलं. बाबा मागे वळून बसले होते, काचेतून दाराकडे बघत.

"आणि एक सांगतो," ते तसेच पाठमोरे म्हणाले. "यापुढे चित्र काढशील तेव्हा पुरं काढ. मला जागा नसली तरी काढ. लपवू नकोस. भिंतीत जागा करण्यातच माझा जन्म गेलाय. माझ्यापुरती कुठे करायची ते मी बघेन."

"पुरं काढेन," दारवाली म्हणाली.

पुढचा रस्ता चढाचा होता. तिने गिअर बदलला आणि मागे बाबांचे दोन्ही पाय उचलले गेल्याचं तिला न बघताच कळलं.